लाकडी पेडलबोर्ड घरी करायचा आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरचा. नोकरी वेगळी, गिटार उरलेल्या वेळात. गणपतीचे दहा दिवस, लग्नसराईत दोन-चार संगीत संध्या, एखादं कॉलेजचं स्नेहसंमेलन, एवढाच माझा पसारा. पण कार्यक्रम संपला की कुणीतरी स्टेजवर येतं, गिटारकडे ढुंकूनही बघत नाही, आणि पायाशी असलेल्या लाकडी बोर्डाकडे बोट दाखवून विचारतं, "हा कुठून घेतला?" घरी केलाय म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले. ते इथे एकत्र केलेत. पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची छोटी डबी; पेडलबोर्ड म्हणजे अशा डब्या एकत्र बसवायची फळी. मी सुतार नाही आणि इलेक्ट्रिशियनही नाही. तीन बोर्ड केले, त्यातले पहिले दोन फसले, हीच माझी पात्रता.

पेडलबोर्ड लागतोच का? जमिनीवर मांडून चालत नाही?

दोन पेडलं असतील तर चालतं, उगाच खटाटोप करू नका. सहा झाली की गिटारपासून ॲम्पपर्यंत (ॲम्प्लिफायर) सात केबली आणि चौदा पिना होतात. त्यातली नेमकी एक ढिली आहे हे तिसऱ्या घंटेलाच कळतं. बोर्डावर सगळं एकदाच जोडलं की स्टेजवर तीनच गोष्टी उरतात: गिटारची पिन, ॲम्पची पिन, विजेचा प्लग.

मग तयार ॲल्युमिनियमचा का घेऊ नये?

जरूर घ्या. हलका असतो, टिकतो. सतत प्रवास असेल तर मी तोच सुचवीन. घरच्या बोर्डाचा फायदा असा की तो तुमच्या पेडलांच्या मापाचा होतो. तयार बोर्डावर पेडलांना त्याच्या मापात बसावं लागतं. शिवाय लाकडाला हवं तिथे भोक पाडता येतं, आणि चुकलं तर बुजवताही येतं.

घरात जुना पाट आहे. तोच वापरला तर?

हसू नका, माझा पहिला बोर्ड पाटच होता. आजीच्या वेळचा सागवानी पाट, खाली दोन आडव्या पट्ट्या, त्यामुळे वायरी सरकवायला आयती जागा. चार पेडलं दुहेरी टेपने चिकटवली आणि सराव सुरू केला. तिसऱ्या दिवशी आईने पाहिलं. "अरे, ज्या पाटावर माणसं जेवायला बसली त्याच्यावर बुटासकट पाय देतोस?" मी पायपेटीचा दाखला दिला, की तिचाही भाता पायानेच मारतात. आई म्हणाली, "पायपेटी पायासाठीच केलेली असते. पाट नाही." विषय संपला.

तसाही तो पाट गैरसोयीचाच होता. सपाट असल्यामुळे मागच्या रांगेतलं पेडल दाबताना पुढच्याचं बटण बुटाखाली फिरायचं. फळी सलग, म्हणून पेडलांमधल्या केबली वरच लोंबायच्या. पण पुढच्या बोर्डाचा आराखडा त्यानेच दिला: मागून उचललेला आणि मधे फटी ठेवलेला पाट. बाकी सगळा तपशील आहे.

आधी काय आणू? प्लाय, वेल्क्रो की पॉवर सप्लाय?

पुठ्ठा. टीव्हीच्या किंवा कूलरच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा जमिनीवर पसरा, सगळी पेडलं त्यावर खऱ्या केबलींसह मांडा आणि आठवडाभर तशीच वाजवा. उभ्याने, कार्यक्रमाला घालता तेच बूट घालून. मोज्यांवर सगळंच सोपं वाटतं. दोन-तीन दिवसांत कळतं की डिलेचं (प्रतिध्वनी देणारं पेडल) बटण सारखं लागतं आणि ते मागे आहे, ट्यूनर (सूर जुळवायचं पेडल) कोपऱ्यात गेला तरी चालतो, वाह (पाऊल पुढे-मागे करून वाजवायचं पेडल) उजवीकडेच हवं. जागा ठरली की प्रत्येक पेडलाभोवती पेनाने रेघ मारा. हा पुठ्ठाच तुमचा नकाशा. मिस्त्रींकडे, म्हणजे सुताराकडे, तो घेऊन जा, तोंडी वर्णन करू नका.

माझा दुसरा बोर्ड याच पायरीवर फसला. पेडलांची मापं नेटवरून घेतली, बेरीज केली, लाकूड कापून आणलं. पिनांची जागा मोजायची राहिली. पाच पेडलांच्या जागी चार बसली.

दोन पेडलांमध्ये किती अंतर ठेवायचं?

बॉस कंपनीचं साधं पेडल ७३ मि.मी. रुंद, १२९ मि.मी. खोल आणि ५९ मि.मी. उंच असतं. पिना बाजूने लागतात. सरळ पिना समोरासमोर आल्या तर मधे दहा सें.मी.सुद्धा कमी पडतात. चपट्या, काटकोनी पिनांच्या छोट्या पॅच केबली (पेडलं एकमेकांना जोडणाऱ्या) घेतल्या तर अडीच-तीन सें.मी. पुरतात. म्हणून पॅच केबली आधी घ्या, लाकूड नंतर. काही पेडलांच्या पिना वरच्या कडेला असतात. ती शेजारी अगदी खेटून बसतात, पण मागे जागा मागतात.

इथे एक स्थानिक सल्ला. आपण मिलिमीटर बोलतो, मिस्त्री इंच आणि सूत बोलतात. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मि.मी.पेक्षा किंचित जास्त. बॉसचं ७३ मि.मी. म्हणजे तीन इंचाला एक सूत कमी, अगदी तंतोतंत. बारा मि.मी.चा प्लाय म्हणजे साधारण चार सूत. हे हिशेब घरूनच करून जा, नाहीतर तिथे "सात सेंटीमीटर म्हणजे पावणेतीन इंच पकडो" असं होतं आणि प्रत्येक पेडलामागे तीन मि.मी. कुठेतरी हरवतात. शब्दांचंही तसंच: पॉलिश पेपर मागितला तर समजतो, पण रेगमाल म्हटलं तर लवकर मिळतो.

माप किती ठेवू?

माझा तिसरा, म्हणजे सध्याचा बोर्ड ६० सें.मी. लांब आणि साधारण ३२ सें.मी. खोल आहे. वर सलग फळी नाही, चार आडव्या पट्ट्या आहेत. प्रत्येक ६ सें.मी. रुंद, मधे अडीच सें.मी.ची फट. दोन पट्ट्या आणि मधली फट मिळून साडेचौदा सें.मी. होतात, म्हणून १२९ मि.मी.चं पेडल बरोबर दोन पट्ट्यांवर बसतं आणि त्याची वायर मधल्या फटीतून खाली जाते. दोन रांगांत दहा पेडलं बसतील, मी आठ ठेवतो.

उतार किती?

पुढची उंची ३ सें.मी., मागची ९. खोली ३२ असल्यामुळे साधारण दहा-अकरा अंशांचा उतार येतो. याहून जास्त केला तर पाऊल हवेत धरावं लागतं आणि पोटरी दुखते. मागे पट्टीखाली सात-एक सें.मी. जागा उरते, तिथे पॉवर सप्लाय मावतो. आधी सप्लायची उंची मोजा, मग मागची उंची ठरवा.

लाकूड कोणतं घ्यावं?

यावर तास घालवणारे लोक मला माहीत आहेत, मीही त्यातलाच. तरी सांगतो.

सर्वात सोपा १२ मि.मी.चा प्लाय. पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांची असते, ती घेऊ नका. फर्निचरचं काम चाललेल्या घरी किंवा प्लायच्या दुकानात कटपीस मिळतात. पाणी सोसणारा बीडब्ल्यूआर प्रतीचा पुरे. आय.एस. ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय उत्तम, पण बोर्ड काही नर्मदेत सोडायचा नाहीये. १८ मि.मी.चा मोह टाळा. ६० बाय ३२ सें.मी.ची १२ मि.मी. फळी दीड किलोच्या आसपास भरते, १८ ची सव्वादोन. वर बॉसची आठ पेडलं म्हणजे तीन किलोंहून जास्त, मग सप्लाय, केबली, पेटी. दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलला लिफ्ट नसते तेव्हा हा फरक समजतो.

एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) नको. कडेला स्क्रू धरत नाही आणि एकदा पाणी प्यायलं की फुगून बसतं.

पॅकिंगच्या पेट्यांचं चीड (पाइन) लाकूड हलकं आणि स्वस्त. पण ते बरेचदा ओलं असतं, सुकताना पीळ खातं. घरात महिनाभर पडू द्या, मगच कापा.

आणि जुनं सागवान. इंदूरात जुने वाडे पडतायत, त्यांच्या खिडक्यांच्या चौकटी आणि दारांच्या फळ्या वखारीत येऊन पडतात. कित्येक दशकं सुकलेलं हे लाकूड आता सहसा पीळ खात नाही, रंधा फिरवला की आतून मधासारखा रंग निघतो. माझ्या चार पट्ट्या अशाच एका दाराच्या आहेत. एकच काळजी घ्या: जुन्या लाकडात मोडलेले खिळे दडलेले असतात. रंध्याखाली घालण्याआधी वरून लोहचुंबक फिरवा, नाहीतर मिस्त्रींच्या पात्याला खाच पडेल आणि चहा तुम्हाला पाजावा लागेल.

सलग फळीपेक्षा पट्ट्याच का? दिसायला?

दिसायलाही, पण मुख्य कारण पावसाळा. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. ३२ सें.मी. रुंद सलग फळी आषाढ-श्रावणात फुगते, थंडीत आकसते, आणि दोन्ही बाजूंनी आवळून बसवली असेल तर बाक काढते. सहा सें.मी.च्या पट्टीत हा फरक नगण्य. प्लायला ही अडचण नाही, त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. तरी वायरींसाठी मी प्लायमध्येही फटी ठेवीन.

फेविकॉल पुरेल की स्क्रू मारू?

बाजूच्या दोन उतरत्या फळ्या आणि आडव्या पट्ट्या, असा सगळा सांगाडा. फेविकॉल लावा आणि प्रत्येक टोकाला दोन स्क्रू द्या. स्क्रूआधी बारीक ड्रिलने भोक पाडा, सागवान टोकाशी चटकन उलतं. गुण्या लावून काटकोन तपासा. बोर्ड डगमगला तर एका पायाखाली कागदाची घडी सरकवायची वेळ येते, आणि ती घडी प्रत्येक कार्यक्रमात हरवते. खाली चार रबरी बूट लावा. गुळगुळीत फरशीवर त्यांच्याशिवाय बोर्ड पायाबरोबर चालू लागतो.

पॉलिश की रंग?

स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, कापडाच्या बोळ्याने तीन-चार हात. हात फिरवण्याआधी कडांना नीट पॉलिश पेपर मारा, आणि कापलेल्या टोकांना जास्त पाजा. ओल तिथूनच शिरते. मेणाचं पॉलिश लावू नका, त्यावर वेल्क्रो टिकत नाही.

वेल्क्रो दोन दिवसांत सुटतो. काय चुकतंय?

बहुतेक तीनपैकी एक. पहिलं, सागवान मुळात तेलकट. वेल्क्रोची जागा आधी थिनरने पुसून घ्या. दुसरं, पेडलाच्या तळाचं रबर. रबरावर गोंद धरत नाही. ते काढून जपून ठेवा (पेडल विकताना लागतं) आणि खालचा पत्रा स्पिरिटने साफ करून मगच चिकटवा. तिसरं, मे महिन्यात गाडीत ठेवलेला बोर्ड. बाहेर चाळीस अंश असले तर बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त, गोंद पातळ होऊन घसरतो. मी पट्ट्यांवरच्या वेल्क्रोच्या टोकांना स्टेपलच्या पिना मारल्यात, तेव्हापासून प्रश्न नाही.

मऊ बाजू बोर्डावर, खरखरीत बाजू पेडलावर, असा रिवाज आहे. तोच पाळा, म्हणजे मित्राचं पेडल तुमच्या बोर्डावर चालतं. वेल्क्रो नकोच असेल तर फटीतून केबल टाय घालून पेडल आवळा. दिसायला गावठी, धरायला घट्ट.

पेडलांचा क्रम कसा?

ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर (आवाजाचा चढउतार सपाट करणारा), ओव्हरड्राइव्ह-डिस्टॉर्शन (आवाज चिरडणारे), मग कोरस-फेझर (आवाजाला लहरी देणारे), शेवटी डिले आणि रिव्हर्ब (हॉलसारखा घुमारा देणारा). हा नियम नाही, सुरुवात आहे. डिले डिस्टॉर्शनच्या आधी ठेवला तर प्रतिध्वनीही चिरडला जातो. कुणाला तेच हवं असतं. जुन्या धाटणीचा फझ (डिस्टॉर्शनचाच जास्त खरखरीत प्रकार) मात्र शक्यतो सर्वांत पुढे, थेट गिटारला लागून. आधी बफर (सिग्नलला बळ देणारं सर्किट) आला तर त्याचा स्वभाव बदलतो.

एकाच ॲडॅप्टरवर सगळी पेडलं चालतील का?

इथे थांबून वाचा, कारण लाकूड चुकलं तर लाकूड जातं, वीज चुकली तर पेडल जातं.

बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतात, पिन ५.५ बाय २.१ मि.मी.ची, आणि मधला टोक ऋण. हे शेवटचं महत्त्वाचं. इंटरनेटच्या राउटरसोबत येणाऱ्या ॲडॅप्टरची पिन बहुधा तशीच दिसते, तशीच बसते, पण तो साधारण १२ व्होल्टचा असतो आणि त्याचा मधला टोक धन असतो. माझा एक डिले असाच गेला. अंधार होता, दोन ॲडॅप्टर शेजारी होते, एक क्षण वास आला आणि नंतर काहीच आलं नाही. आता माझ्या प्रत्येक पिनेवर पांढरी टेप आणि त्यावर आकडा आहे. पेडलावरचं आणि ॲडॅप्टरवरचं चित्र, दोन्ही जुळतात का ते प्रत्येक वेळी बघा.

व्होल्ट जुळायलाच हवेत. मिलिअँपिअर मात्र जास्त असले तर बिघडत नाही, पेडल हवे तेवढेच घेतं. साधा ओव्हरड्राइव्ह दहा-एक मिलिअँपिअरवर भागतो, डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब शंभर ते तीनशे मागतो. सगळ्यांची बेरीज करा आणि वर पाव हिस्सा मोकळा ठेवा.

तीन-चार ॲनालॉग पेडलं असतील तर एका ॲडॅप्टरवरून साखळीने फाटे काढलेली वायर चालते. डिजिटल पेडल त्यात आलं की त्याची शिट्टीसारखी कुरकुर सामाईक वायरीतून सगळीकडे पसरते. मग प्रत्येक फाटा वेगळा असलेला, आयसोलेटेड सप्लाय घ्या. जर्मेनियमचे काही फझ उलट्या ध्रुवाचे असतात, ते साखळीत जोडलेच तर सप्लाय शॉर्ट होतो. त्यांना स्वतंत्र बॅटरी द्या.

आणि २३० व्होल्ट लाकडाच्या पोटात उघडे नकोत. स्वतः ट्रान्सफॉर्मर आणून लाकडी डब्यात बसवू नका, बंद डब्यातला तयार सप्लाय पट्ट्यांनी खाली आवळा. वायर ओढली गेली तरी ताण जोडावर येणार नाही अशी एक क्लिप बोर्डाला ठोका.

लाकूड शील्डिंग करत नाही (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवत नाही), मग घूं (सततची गुणगुण) वाढत नाही का?

नाही. शील्डिंगचं काम पेडलाची धातूची डबी आणि केबलची जाळी करते. उलट ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र ॲल्युमिनियमच्या बोर्डातूनही आरपार जातं. त्यावर सोपा उपाय, अंतर. वाहमध्ये वेटोळं असतं, ते हे क्षेत्र पटकन पकडतं. म्हणून सप्लाय डाव्या मागच्या कोपऱ्यात असेल तर वाह उजव्या पुढच्या कोपऱ्यात ठेवा.

घूं शोधायची रीत: गिटार थेट ॲम्पला लावा. तरीही येतोय? मग बोर्डाचा दोष नाही. जागच्या जागी गिटारसकट वळून बघा. दिशेनुसार कमी-जास्त होत असेल तर पिकअप (तारांची कंपनं पकडणारा गिटारचा भाग) दिव्यांचा किंवा डिमरचा आवाज पकडतोय. सरळ जोडल्यावर घूं नसेल तर अर्धी पेडलं जोडून बघा, मग उरलेली अर्धी. चार-पाच फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो, आणि तो बहुतेक वेळा पॅच केबलच असते.

बोर्ड लावल्यावर आवाज बोथट झाला.

केबलची लांबी. साधारण प्रत्येक मीटरला शंभर पिकोफॅरड कपॅसिटन्स धरा, तीच वरचे सूर खाते. सहा मीटर येताना, सहा मीटर जाताना, वर पॅच केबली, म्हणजे गिटारची वरची धार झिजते. साखळीत कुठेतरी एक बफर हवा. बॉसची बहुतेक पेडलं बंद असतानाही बफरचं काम करतात, त्यामुळे असं एखादं असलं तर वेगळा घ्यायची गरज नाही.

मांडवात माइकला ओठ लागले की शॉक बसतो. बोर्डात बिघाड आहे का?

बोर्डात नाही, मांडवाच्या विजेत. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात, माइक साउंडवाल्याच्या मिक्सरच्या अर्थिंगशी. एकीकडे अर्थिंग नसली किंवा दोन्ही वेगवेगळ्या लाइनवर असल्या तर मधला फरक तुमच्यातून जातो. गणपतीत पाऊस असतो, पायाखाली ओली सतरंजी असते, तेव्हा हा विनोद राहत नाही.

माझी सवय सांगतो. गिटार लावली की मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारांना, दुसरं माइकच्या जाळीला लावतो. एक-दोन व्होल्ट दाखवले तर ठीक. त्याहून जास्त असतील तर ॲम्प आणि पेडलबोर्ड साउंडवाल्याच्याच विजेच्या बोर्डवर घेतो आणि पुन्हा मोजतो. तरीही आकडा उतरला नाही तर वाजवत नाही. एकदा पंचाऐंशी दिसले होते; मंडळाचे काका म्हणाले, "अरे, आरती होऊ दे, मग बघू." मी आरतीला टाळ वाजवला. माइकवर स्पंजची टोपी घातली तर ओठ वाचतात, मूळ दोष तसाच राहतो. आणि घूं जावा म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग भेटतात, त्यांचं ऐकू नका.

सामान इंदूरात कुठे मिळेल?

स्क्रू, क्लिपा, रबरी बूट, पेटीच्या कोपऱ्यांचे पत्रे सियागंजात. जॅक पिना, सोल्डर, मल्टिमीटर जेल रोडच्या बाजूला. वेल्क्रो शिवणाच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतो, तिथे रुंद पट्टी मागा. लग्नसराईत मिस्त्रींच्या मागे लागू नका, पलंग आणि कपाटांपुढे तुमच्या दोन फुटी कामाला कुणी हात लावत नाही. मी श्रावणात गेलो होतो; दुपारी काम रिकामं होतं, त्यांनी पट्ट्या रंधून दिल्या आणि पैसे फक्त कापण्याचे घेतले.

नेताना काय करता?

जुन्या शालींची एक पत्र्याची पेटी घरात होती, बोर्ड नेमका त्यात बसला. नेमका म्हणजे मोजून. तिसऱ्या बोर्डाची ६० सें.मी. लांबी त्या पेटीवरूनच ठरली होती. आत तळाला जुनी गोधडी आहे. स्कूटरवर पायाशी आडवी मावत नाही, मागे कुणीतरी धरून बसावं लागतं.

पाटाचं काय झालं?

आईने धुऊन, तेल लावून परत घेतला. गौरी-गणपतीत त्यावरच गणपती बसतो. वर टेपच्या गोंदाचे चार डाग अजून आहेत, पण ते वस्त्राखाली झाकले जातात.